रोजची वाट आणि वेगाची गाडी



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत मोटारीवर बोलणार म्हटल्यावर काही ज्येष्ठांना आश्चर्य वाटले असेल. पण आपल्या सीमाभागातल्या शेकडो घरांचा दिवस आज ज्या एका शब्दावर चालतो, त्या शब्दापासून सुरुवात केली तर विषय आपल्या अंगणातलाच आहे हे ध्यानात येईल. तो शब्द आहे 'अप-डाऊन'. रेल्वेने आपल्या गाड्यांना लावलेली ही दोन इंग्रजी विशेषणे आपण उचलली, जोडली आणि त्यांचे मराठी नाम करून टाकले. 'धाकटा कुठे असतो?' असे विचारले की उत्तर येते, 'नोकरी गुलबर्ग्याला आहे, पण बीदरहून अप-डाऊन करतो.' २०१४ साली गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले, तरी आपल्या तोंडी जुने नावही आहेच. मी दोन्ही वापरीन, आपण समजून घ्याल.

हे अप-डाऊन मुंबईच्या लोकलसारखे नाही. मुंबईकर घर दूर मिळाले म्हणून दूरवरून येतो. आपला माणूस घर सोडवत नाही म्हणून रोज दूर जातो. कलबुर्गी विभागाचे ठाणे आहे. तिथे १९८० पासून विद्यापीठ आहे, २००८ पासून उच्च न्यायालयाचे कामकाज चालते, आणि आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. वकील, प्राध्यापक, बँकेतली माणसे यांचे काम तिथे आहे. घर मात्र बीदरला, भालकीला, हुमनाबादला आहे. तिथे आईवडील आहेत, चार एकर रान आहे, देवघर आहे, चार पिढ्यांची ओळखपाळख आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, पण या घरांनी जागा बदलली नाही. म्हणून रस्ता त्यांच्या वाट्याला आला.

बीदर ते हुमनाबाद सुमारे पन्नास किलोमीटर आणि तिथून कलबुर्गी सुमारे साठ. म्हणजे एका बाजूने ११० आणि जाऊन-येऊन २२०. महिन्याचे बावीस दिवस धरले तर वर्षाला साधारण ५८,००० किलोमीटर होतात, आणि पृथ्वीचा घेर ४०,००० आहे. आपला अप-डाऊन करणारा माणूस दरवर्षी एक पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून दुसरीच्या निम्म्यावर येतो.

आता या घरांत एक नवा वाद शिरला आहे. मुलगा म्हणतो, आयुष्यातले रोजचे चार तास गाडीत जाणार असतील तर गाडी मनासारखी हवी. त्याला खाली बसकी, जोरकस इंजिनाची स्पोर्ट्स कार हवी असते. वडील म्हणतात, ही उधळपट्टी आहे, आणि त्यांच्या मनात न बोललेली एक भीतीही असते. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून हा विषय नीट उलगडावा असे मला वाटले.

स्पोर्ट्स कार ही केवळ रविवारी बाहेर काढायची वस्तू असते हा समज पुरता खरा नाही. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शेने जी गाडी मांडली, तीच पुढे ९११ म्हणून नावारूपाला आली. तिच्यात मागे दोन छोट्या जागा होत्या आणि पुढच्या बाजूला सामानाला जागा होती. म्हणजे रोज वापरता यावी हा विचार तिच्यात पहिल्यापासून होता. १९९० साली होंडाची एनएसएक्स आली. अ‍ॅल्युमिनियमची काया, चहूकडे स्वच्छ दिसेल अशी बैठक, आणि साध्या होंडासारखा भरवसा हे तिचे विशेष. मॅक्लरेन एफ-१ ही प्रसिद्ध गाडी घडवणारे गॉर्डन मरे यांनी स्वतः एनएसएक्स सात वर्षे वापरली आणि सुमारे ७५,००० किलोमीटर चालवली. ही रोजच्या वापराची कीर्ती! आपला बीदरचा वकील तेवढे अंतर सोळा महिन्यांत कापतो.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी तयार होत असे. फायबरची काया आणि रेनोचे ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन. २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' आली. तिचे इंजिन आसनांच्या मागे होते. या दोन्ही गाड्या फार थोड्या लोकांकडे पोहोचल्या. त्याहून जवळची गोष्ट चाकणची. तिथल्या कारखान्यातून २०१३ साली पोलो जीटी टीएसआय निघाली. दिसायला घरगुती, पण इंजिन १०५ अश्वशक्तीचे. आपल्या आजोबांच्या काळातल्या पद्मिनीची ताकद चाळीस अश्वशक्ती होती हे आठवले, म्हणजे 'वेगवान' या शब्दाचा अर्थ किती सरकला आहे ते कळते.

पण गाडीचा खरा परीक्षक रस्ता असतो, तेव्हा आता रस्त्याकडे येऊ. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. तिथून खाली उतरले की काळी जमीन लागते. ही काळी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर कितीही चांगले डांबर टाका, दोन-चार वर्षांत रस्त्याला लाटा येतात. ताठ स्प्रिंगांच्या गाडीत या लाटा थेट पाठीच्या मणक्यात पोहोचतात. रोज चार तास त्या सोसायच्या आहेत, हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

दुसरी गोष्ट गतिरोधकाची. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी दहा सेंटिमीटर उंच असतो. गाडीची पुढची-मागची चाके अडीच मीटरवर असली तर ती दोन्ही त्या उतारावरच चढलेली असतात, त्यामुळे पोटाखालच्या जागेतले फक्त साडेचार सेंटिमीटर जातात. बारा सेंटिमीटर उंचीची स्पोर्ट्स कारही तो सावकाश पार करते. अडचण होते ती गावकऱ्यांनी रात्रीतून घातलेल्या उंचवट्याची. अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. चाके दोन्हीकडे सपाटीवर राहतात आणि पोट थेट त्यावर बसते. गावकऱ्यांनाही दोष देता येत नाही, त्यांची पोरे रस्ता ओलांडून शाळेत जातात.

तिसरी गोष्ट टायरची. साध्या गाडीच्या १८५/६५ मापाच्या टायरची भिंत बारा सेंटिमीटर उंच असते. स्पोर्ट्स कारच्या २४५/३५ मापाच्या टायरची जेमतेम साडेआठ. खड्ड्याचा मार त्या साडेआठ सेंटिमीटरमध्ये जिरला नाही तर रिम वाकते. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरचे रसायन आणि हवेचा छोटा पंप असतो. टायरची भिंत फाटली तर त्या रसायनाचा उपयोग नाही. रात्री नऊ वाजता कमलापूरच्या पुढे उभे राहायची वेळ आली तर ही बाब लहान राहत नाही.

चौथी गोष्ट हंगामाची. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. काढणीच्या दिवसांत तुराट्या आणि सोयाबीनचे काड रस्त्यावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून मळणी करून घेतात. बसक्या गाडीच्या पोटाखाली हे वाळलेले काड गुंडाळले गेले आणि तापलेल्या सायलेन्सरला टेकले, तर पेट घेऊ शकते. त्याच दिवसांत कारखान्यांचे गाळप चालू असते. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात मागचा दिवा नसताना चाललेल्या असतात. दत्तजयंतीला माणिकनगरची आणि पौर्णिमेला गाणगापूरची पायी माणसे कडेने चाललेली असतात. हा रस्ता मोटारीआधी त्यांचा आहे.

आता वेळेचा हिशेब. ११० किलोमीटरपैकी गावे, चौक, फाटे मिळून तीस किलोमीटर धरू. तिथे ताशी तीसच्या वर कुणालाच जाता येत नाही, म्हणजे एक तास गेला. उरलेले ऐंशी किलोमीटर ताशी सत्तरने गेलात तर ६९ मिनिटे लागतात, शंभरने गेलात तर ४८. सगळा धोका पत्करून वाचली एकवीस मिनिटे. पहिला एक तास तर जगातली कोणतीही गाडी वाचवू शकत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली जाहीर केलेल्या मर्यादा पाहा: दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला शंभर, इतर साध्या रस्त्यांवर सत्तर. म्हणजे वेळ वाचावा म्हणून स्पोर्ट्स कार घेणे हा कारणातच चुकलेला सौदा आहे.

मग तिचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग आहे, आणि तो वेगाच्या नेमका उलट्या बाजूला आहे. अशा गाडीची सगळी बुद्धी थांबण्यात आणि वळण धरण्यात खर्च झालेली असते. ढोबळ हिशेब असा: कोरड्या रस्त्यावर ताशी सत्तरने जाणारी साधी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण २८ मीटरवर थांबते. उत्तम ब्रेक आणि टायर असलेली गाडी वीसच्या आत थांबते. हे आठ मीटर म्हणजे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. पण तीच उत्तम गाडी ताशी शंभरने हाकली की तिला ३९ मीटर लागतात. सत्तरच्या साध्या गाडीपेक्षाही जास्त! कंपनीने दिलेली सुरक्षितता आपल्या पायाने आपणच परत केली. स्पोर्ट्स कार सत्तरने चालवणाऱ्याला ती कवच आहे, आणि शंभरने चालवणाऱ्याला ते कवच उरत नाही. वडिलांच्या भीतीचे आणि मुलाच्या हौसेचे उत्तर या एका आकड्यात आहे.

आणखी एक लाभ कमी लेखू नये. रोजच्या त्याच त्या वाटेवर माणसाला झापड येते. हातात जिवंत वाटणारी, बोलकी गाडी चालकाला जागे ठेवते. आवडीची गाडी माणूस जपून चालवतो आणि वेळेवर दुरुस्तही करतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चेपतात, ब्रेकच्या तबकड्या गंजतात. झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नेमाने चालणारी गाडी निरोगी राहते. आपल्या मराठीचेही तसेच आहे. ती गणपतीच्या दहा दिवसांत बाहेर काढून टिकत नाही, रोजच्या अप-डाऊनला लागते तेव्हाच चालू राहते.

खर्चाचे थोडक्यात. लिटरला अठराऐवजी बारा किलोमीटर देणारी गाडी रोज सहा लिटर जास्त पिते. शंभर रुपये लिटर धरले तर महिन्याला तेरा हजारांवर वाढीव खर्च. दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग म्हटले तर वर्षातून पाच-सहा वेळा, आणि मऊ रबराचे टायर वर्षभरही पुरायचे नाहीत. हे जमत असेल तर हौस करावी, कर्ज काढून करू नये. २०१७ च्या ऑक्टोबरपासून बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू आहे. ज्याची वेळ त्या गाड्यांशी जुळते त्याने तोच मार्ग धरावा. 'अप-डाऊन' हा शब्द तरी आपल्या घरी परत जाईल.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत गाडी एकट्याची कधीच नसते. तीच लग्नाला जाते, तीच रानात बियाणे नेते, आणि मध्यरात्री आईच्या छातीत कळ आली तर तीच सोलापूर किंवा हैदराबाद गाठते. म्हणून गाडी पाहायला जाताना मुलाने आईला सोबत न्यावे. ती त्या खोल आसनात बसू शकते का आणि हात न देता उठू शकते का, हे पाहावे. दोन आसनांची गाडी इथेच नापास होते. चार आसनांची, जरा उंच, पण ब्रेक-टायरने खरी स्पोर्ट्स असलेली गाडी आपल्या घराला शोभते. आणि वडिलांनीही एकदा तिच्यात बसून कलबुर्गीला जाऊन यावे. मुलगा रोज कोणत्या वाटेने जातो, कुठे थकतो, हे त्यांनाही कळेल.

घर टिकावे म्हणून हे अप-डाऊन आहे. संध्याकाळी सातला येणारा माणूस साडेसातला आला तर घराचे काही बिघडत नाही. तो यावा, एवढेच घर मागत असते. गाडी कोणतीही घ्या, तिचा वेग या मागणीच्या आत ठेवा.