बेंचवरचे दिवस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, 'परदेशातलं करिअर'. आपल्या बॅचमधले सात-आठ जण परदेशात राहून आलेत, त्यातले काही अजून तिकडेच आहेत. माझ्यापेक्षा त्यांना जास्त सांगता येईल. म्हणून मी ठरवलं, जिथं परदेशी जाणं आपल्या आयटीपेक्षा कितीतरी अवघड आहे, अशा धंद्यातल्या एका पोराबद्दल बोलावं. तो पोरगा लातूरचा नाही, नांदेडचाही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, फुटबॉलपटू.

मागून "फुटबॉल आणि तू?" असा आवाज आला. कोणाचा ते मी ओळखलं. जेवताना बघते तुझ्याकडे!

पण आक्षेप खरा आहे. आपण लातूर पॅटर्नची लेकरं. दहावीच्या वर्षी पी.टी.चा तास गणिताला गेला, तेव्हा आपल्यापैकी कोणी हूं की चूं केलं नाही. मोकळ्या मैदानाची माझी सर्वात पक्की आठवण खेळाची नाहीच. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्यानंतर कित्येक रात्री आपण घरात न जाता उघड्यावर झोपलो, ती आहे.

कोल्हापुरात गोष्ट वेगळी. आपल्याकडे तालीम म्हटलं की कुस्ती. तिथं पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना असला की अख्खं गाव दोन बाजूंना वाटलं जातं. त्या गावात २००० साली अनिकेत जन्मला. वडील रिक्षा चालवत. पोराच्या पायात खेळ आहे हे दिसलं, आणि घरच्यांनी त्याला लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठवलं. ही राज्य सरकारचीच योजना. राहणं, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी. तिथून पुढे तो भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघात पोचला. २०१७ ला फिफाची ती विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. पण त्या संघात रिक्षावाल्याचं पोर होतं.

२०१९ मध्ये तो इंग्लंडला गेला, ब्लॅकबर्न रोव्हर्स या जुन्या क्लबकडे. या क्लबचे मालक २०१० पासून आपल्या पुण्याचे वेंकीज, कोंबड्या-अंड्यांवाले. अनिकेत तिथं तीन महिने सरावाला होता. फक्त सराव. मग परत आला आणि जमशेदपूरकडून आयएसएल खेळला. पुढे आपल्या शेजारच्या हैदराबादच्या संघात गेला, आणि त्या संघाने २०२१-२२ चा किताब जिंकला.

आता तुम्ही म्हणाल, तीन महिन्यांचं कसलं परदेशातलं करिअर? मलाही तसंच वाटलं होतं. मग मी इतरांचं वाचलं. १९३६ साली कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून खेळला. बूट नाहीत, पायाला पट्ट्या बांधून. दोन सामने गाजवले, घरची आठवण अनावर झाली आणि परतला. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. सुनील छेत्रीचा २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला होता, पण वर्क परमिट मिळालं नाही. कारण काय, तर फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरात नव्हता! खेळाडू चांगला, पण त्याचा देश खाली. पुढे तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला आणि पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगच्या ब संघाकडे गेला. दोन्हीकडून थोडक्यात परतला, आणि इथं भारताचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. २०२० मध्ये मणिपूरची बाला देवी त्याच ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे व्यावसायिक करारावर गेली.

हे वाचताना मला माझंच २००८ आठवलं. ऑनसाइट म्हणून मोठ्या थाटात गेले होते. घरी पेढे वाटले होते. मंदी आली, प्रोजेक्ट बंद झालं, आठ महिन्यांत परत. मग पाच महिने बेंचवर. आमच्याकडे बेंचवर म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि रोज सकाळी मेल उघडताना हात थरथरायचा. लातूरला आले की एकच प्रश्न, "परत का आलीस गं?" फुटबॉलमध्येही बेंच असतोच. तिथं बसलेल्याला मात्र हजारो लोक बघत असतात.

आता जे सांगायला आले ते सांगते.

माझी बहीण नांदेडला असते. तिचा मुलगा, माझा भाचा, अनिकेतपेक्षा एका वर्षाने लहान. २०१४ मध्ये तो तेरा वर्षांचा होता आणि दिवसभर बॉलच्या मागे. त्याच्या शिक्षकांनी बहिणीला सुचवलं, पुण्याला प्रबोधिनीची चाचणी असते, एकदा पाठवून बघा. घरात कोणाला काही ठरवता येईना. शेवटी भाऊजी म्हणाले, "ताईला विचारा. ती इंजिनिअर आहे, जग बघून आलीय." बहिणीचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन दोन मिनिटं बोलले. म्हणाले, "खेळून पोट भरतं का? दहावी होऊ दे, मग बघू." विषय संपला. विष्णुपुरीला शिकलेली, परदेशी राहून आलेली मावशी बोलली म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

६ ऑक्टोबर २०१७. मी नांदेडला बहिणीकडे होते. टीव्हीवर भारत-अमेरिका सामना चालू होता. भाचा जमिनीवर मांडी घालून बघत होता. मध्येच म्हणाला, "मावशी, हा जाधव कोल्हापूरचा आहे. प्रबोधिनीतला." एवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो भारताकडून खेळलाच असता, असं मी म्हणत नाही. चाचणीत पहिल्याच दिवशी गळला असता, हेही शक्य आहे. पण ते मैदानाने ठरवायला हवं होतं. मी फोनवर दोन मिनिटांत ठरवलं. आज तो नोकरी करतो, बरं चाललंय. रविवारी सकाळी गल्लीतली लेकरं गोळा करून खेळवतो. मागच्या दिवाळीत मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मावशी, तुझा चहा गार होतोय."

आज आपण सगळे पन्नाशीकडे निघालोय. आपल्या घरात, भावकीत आता आपल्याला विचारून निर्णय होतात. आपण कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी तुमच्यासारखे शिक्षक. आपल्या शब्दाला वजन आलंय, आणि त्याचीच मला भीती वाटते. कोणाचं लेकरू काही विचारायला आलं, तर मीटिंगमधून बाहेर येऊन उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या. जमलं तर एकदा त्याचा खेळ बघायला जा. मी भाच्याचा खेळ पहिल्यांदा बघितला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

सर, बाई, तुम्ही आम्हाला गणित फार चांगलं शिकवलंत, त्यावरच आमची घरं उभी राहिली. एक विनंती आहे. यंदाच्या दहावीचा पी.टी.चा तास तेवढा पी.टी.लाच राहू द्या.