इंदूरचा राजवाडा
(महोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



राजवाड्याविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी पेशाने शिक्षक. दरवर्षी मुलांना राजवाडा दाखवावयास नेतो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, मागचा भाग नवा आहे, तर हा राजवाडा खरा कसा?" तिला दिलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास हा वाडा बांधावयास घेतला. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ साली शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले. शहर लुटले गेले, वाडा जळाला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि तात्या जोगांच्या कारभारात वाडा पुन्हा उभा राहिला. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. वाडा मात्र शहराच्या मध्यभागी तसाच राहिला.

नंतर १९८४ साल आले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाड्याचा मागचा भाग जळाला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आमचे शीख शेजारी त्या रात्री आमच्याच घरी होते. अम्मीने दिवा मालवला होता, आणि त्यांच्या लहानग्याला रडू येऊ नये म्हणून त्याला मांडीवर घेऊन ती रात्रभर बसली होती. धुराचा वास मला अजून आठवतो.

बंधुभगिनींनो, १८०१ साली वाडा जाळणारे मराठेच होते. १९८४ साली आपल्याच शहरातले लोक. दोन्ही वेळा हात परक्याचा नव्हता. पण पुन्हा बांधणारे हातही आपलेच. २००६-०७ मध्ये होळकर घराण्यातील उषाराजे यांच्या पुढाकाराने मागचा भाग जुन्या धर्तीवर बांधून पुरा झाला.

म्हणून मी त्या मुलीस म्हणालो, "बाळ, लाकूड नवे आहे, हे खरे. ते का नवे आहे, हे सांगितले की वाडाही खरा." मुलांना मी जुना भाग दाखवतो, नवाही दाखवतो, आग लपवीत नाही.

आपल्या न्यासाचेही काम हेच. कोणाचे घर पडले, कोणाचे शिक्षण अडले, तर जात-धर्म न विचारता पुन्हा उभे करावयाचे. ते काम असेच चालू राहो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.