मेंदूचें चित्र आणि चंचल मूल

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यांत, शाळा संगमनेरची असो वा शेवगांवची, एका प्रकारचें मूल शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचें असतें. प्रश्न पुरा होण्याच्या आंत तें उत्तर ओरडून सांगतें, गणित अर्ध्यावर टाकून उठतें, आणि रांगेंत आपली पाळी येईपर्यंत त्याला धीर म्हणून धरवत नाहीं. पूर्वीं अशा मुलाला छडी मिळे. आतां शेरे मिळतात, व त्यांतला मोठा वांटा आईच्या पदरीं पडतो.

अशा मुलांचें पद्धतशीर वर्णन लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालच्या व्याख्यानांत केलें. बुद्धि शाबूत असूनहि आवेग आवरण्याची शक्ति उणी पडते, हें त्यांनीं ओळखलें. पण नांव दिलें तें नैतिक संयमाच्या दोषाचें. आज वैद्य या विकाराला अवधानन्यूनता व अतिचंचलता, किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी, म्हणतात. नीतीचा शब्द गळून पडला हें फार बरें झालें.

तो गळून पडण्यास मेंदूच्या चित्रांचा मोठा हातभार लागला. प्राणवायु असलेलें व नसलेलें रक्त चुंबकाच्या क्षेत्रांत निरनिराळें वागतें. या गुणाचा उपयोग करून काम करणारा मेंदू पाहतां येतो, हें सेइजी ओगावा यांनीं १९९० च्या सुमारास दाखविलें. मूल यंत्राच्या पोकळींत निजतें. डोळ्यांपुढें अक्षरें येत राहतात. प्रत्येक अक्षराला कळ दाबावयाची, परंतु एक ठराविक अक्षर आलें कीं हात आवरावयाचा. सोपें वाटतें, पण त्या क्षणीं कपाळामागील मेंदूला, विशेषतः उजव्या बाजूला, लगाम खेंचावा लागतो. या विकाराच्या मुलांत तो भाग सरासरीनें कमी जागा होतो.

अमेरिकेंतील फिलिप शॉ व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं याहून बोलकी गोष्ट प्रसिद्ध केली. विकार असलेलीं २२३ व नसलेलीं २२३ मुलें त्यांनीं तपासलीं. मेंदूच्या सालीचा निम्मा भाग आपल्या कमाल जाडीला इतर मुलांत सुमारें साडेसाताव्या वर्षीं पोंचला होता, तर या मुलांत साडेदहाव्या. उशीर सर्वांत अधिक कपाळामागें. हातपाय चालविणारा भाग मात्र किंचित् आधींच पक्व झालेला! घोडा लवकर वयांत आला आणि स्वार मागें राहिला, असा हा प्रकार.

हें ऐकून एखादे सुशिक्षित वडील लगेच विचारतील : मग आमच्या मुलाचें चित्र काढून निकाल लावावा काय? नाहीं. वरील सारे आंकडे समुदायांचे आहेत. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासांत १७१३ रुग्ण व १५२९ निरोगी व्यक्ति यांचीं चित्रें ताडून पाहिलीं. मेंदूच्या आंतील कांहीं भाग लहान आढळले, पण फरक इतका सूक्ष्म कीं एका मुलाच्या चित्रावरून कांहींच ठरवितां येऊं नये. २०११ च्या एका स्पर्धेंत तर गंमतच झाली. शेंकडों चित्रें देऊन विकार ओळखावयास सांगितलें असतां सर्वांत अधिक निदानें त्या संघाचीं बरोबर ठरलीं, ज्यानें चित्रें बाजूला सारून वय, लिंग, बुद्ध्यंक अशी साधी माहितीच वापरली होती.

म्हणून निदान अजून विचारपुसीनेंच होतें : लक्षणें बाराव्या वर्षाच्या आंत दिसलीं काय, सहा महिने टिकलीं काय, घरीं व शाळेंत दोन्हीकडे आहेत काय? त्याआधीं डोळे, कान, झोंप आणि रक्त तपासावें. पाथर्डीकडील ऊसतोडणी कामगारांचीं मुलें हंगामांत आईबापांबरोबर फडावर जातात. परत आल्यावर त्यांचें लक्ष धड्यांत नसलें तर तो मेंदूचा दोष समजणें हा अन्याय होय. झटके येत असतील वा डोक्यास मार लागला असेल, तर चित्राची गरज निराळी.

२०१३ सालीं पालघर येथें आरंभिलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादींत हा विकारहि आहे, आणि त्याचीं पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जातात. शहरांतील खाजगी शाळेंत मूल घालणाऱ्या पालकांनीं स्वतःच बालवैद्याकडे अथवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें. जातांना सोबत चित्र नको. वर्गशिक्षकांचें एक पत्र न्यावें, ज्यांत मूल कोणत्या तासाला किती वेळ बसूं शकलें व केव्हां उठलें हें तारीखवार लिहिलेलें असेल.