औंधचे स्वराज्य आणि आपण



बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत ‘सरकार’ हा शब्द अजून आदराने उच्चारला जातो. १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणारे सयाजीराव आपले राजे होते, याचा अभिमान योग्यच आहे. पण त्या अभिमानाबरोबर एक सवयही आपल्याला लागली. चांगले काही व्हायचे ते वरून होईल. आपण अर्ज करावा आणि वाट पाहावी. म्हणून आज एका फार लहान संस्थानाची आठवण करून देतो. तिथल्या राजाने प्रजेला नुसते काही दिले नाही. स्वतःच्या हातातली सत्ताच सोडली.

औंध संस्थान म्हणजे ७२ गावे आणि सुमारे ७५ हजार वस्ती. मुलूखही सलग नव्हता. औंध, आटपाडी आणि कुंडल एकीकडे, तर गुणदाळ पार विजापूरकडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे ठाऊक असतात. त्यांनी पुत्र अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, गांधीजींचा सल्ला घेऊन, जानेवारी १९३९ मध्ये स्वराज्याची घटना अमलात आणली.

या घटनेचा पाया गाव होता. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तालुक्यांतून विधिमंडळात प्रतिनिधी जायचे. गावातले तंटे तोडण्याचे कामही पंचायतीकडे आले. ज्याला ओळखता, ज्याच्या बांधाला तुमचा बांध आहे, त्यालाच निवडायचे आणि रोज त्याला जाब विचारायचा, असा हा कारभार. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा तीच. माणसावर जबाबदारी टाकली की तो ती पेलायला शिकतो, हा विश्वास दोन्हीकडे एकच होता.

आता आपण म्हणाल, हेही राजानेच दिले ना? आक्षेप खरा आहे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ती घटना संपली. जे एका भल्या माणसाच्या इच्छेने आले, त्याला पुढे टिकवणारे बळ त्या नऊ-दहा वर्षांत पुरेसे उभे राहिले नव्हते. मला वाटते, औंधचा खरा धडा इथेच आहे. संस्था कागदावर एका दिवसात उभी करता येते. तिच्यात बसून निर्णय घेण्याची सवय अंगी बाणायला पिढी जावी लागते.

आज आपल्याला राजाच्या मर्जीची गरज नाही. १९९३ पासून ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान आहे. तीन लाखांहून मोठ्या शहरांसाठी वॉर्ड समित्यांची तरतूद आहे. त्यांत कोणी बसायचे हे मात्र राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. नगरसेवकाबरोबर तिथे साध्या नागरिकालाही जागा हवी, आणि वॉर्डातल्या खर्चाचा काही भाग रहिवाशांच्या सभेने ठरवावा, अशी मागणी आपण करू शकतो. पण ती करताना आपले स्वतःचे काय, हेही विचारायला हवे.

आपल्या मराठी मंडळांच्या वार्षिक सभेची सूचना आठवा. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ आपली गैरहजेरी आपण आधीच छापून ठेवतो! मग चार-पाच जण सारे ठरवतात आणि तरुण येत नाहीत म्हणून आपण हळहळतो. तरुणांनी यावे कशाला? त्यांनी ठरवावे असे तिथे काही उरलेलेच नसते.

म्हणून एवढेच सुचवतो. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातला एक हिस्सा, लहान का असेना, कार्यकारिणीने न ठरवता सभेपुढे मोकळा ठेवावा. त्यावर वाद होतील, वेळ जाईल, कदाचित निर्णय चुकेलही. तो आपला निर्णय असेल, आणि पुढच्या सभेला त्याचा हिशेब विचारायला माणसे येतील.