डाव्या कोपऱ्यातील गडी



तरुण मंडळींकरिता खेळासंबंधी चार शब्द बोलावेत अशी समितीने आम्हास आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हास फार दूर जावे लागले नाही. पेण व रोहे या तालुक्यांतील मंडळींपुढे खेळाविषयी बोलावयाचे आणि कबड्डी सोडून दुसरेच काही सांगावयाचे, हे आपणांपैकी कोणासही रुचले नसते. मात्र कबड्डीची गोष्ट निघाली म्हणजे सर्वांच्या मुखी चढाई करणाऱ्या वीरांचीच नावे येतात. आज आम्ही अशा एका गड्याविषयी बोलणार आहोत, की ज्याने आपल्या खेळाची उमेदीची वर्षे मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभे राहून, प्रतिपक्षाच्या घोट्यावर नजर ठेवून घालविली. आणि हे करिताना एका संघातून दुसऱ्या संघात, एका शहरातून दुसऱ्या शहरात तो फिरत राहिला. हे गृहस्थ म्हणजे आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे श्री. गिरीश मारुती इरनाक होत.

आपल्या या जुन्या कुलाबा जिल्ह्यात हा खेळ हुतुतू या नावाने कोणत्या काळापासून चालत आला, हे सांगणे कठीण. भाताची कापणी होऊन खळी उरकली की रिकाम्या शेतात फक्कीच्या रेषा आखाव्या, आणि दिवेलागणीपर्यंत धूळ उडवावी, हा आपल्या गावोगावचा रिवाज. या खेळास चेंडू लागत नाही, फळी लागत नाही, बूटही लागत नाहीत. गरिबाच्या मुलास जेवढे देवाने दिले तेवढ्यावरच तो खेळता येतो. म्हणूनच तो आगरात, कोळीवाड्यात आणि शेतकऱ्याच्या वाडीत सारखाच रुजला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रयोग करून दाखविले. १९९० साली बीजिंग येथे तो आशियाई खेळांत दाखल झाला. आणि २०१९ च्या जानेवारी महिन्यात पुरुषांची ६६ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या रोह्यास भरली, तेव्हा देशातील नामांकित गडी कुंडलिकेच्या काठी उतरले होते. ती स्पर्धा रेल्वेने जिंकली. रोह्याच्या मुलांस मात्र त्यात पाहण्यासारखे पुष्कळ होते, आणि ज्याने केवळ चढाया पाहिल्या त्याने अर्धाच खेळ पाहिला, असे आमचे मत आहे.

उरलेला अर्धा कोणता, ते थोडे विस्ताराने सांगतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. त्याच्या निम्म्या भागात सात गडी उभे राहतात, आणि प्रतिपक्षाचा एकटा गडी दम घेऊन त्यांच्यात शिरतो. त्यास ३० सेकंदांचा अवधी. निदान रेषा ओलांडावी, साधल्यास बोनस रेषेपलीकडे पाय टाकावा, कोणास तरी हात अथवा पाय लावून मध्यरेषेवर परत यावे, हे त्याचे काम. सातांपैकी दोघे दोन टोकांस उभे असतात. त्यांस कोपरारक्षक म्हणतात. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय लांबवितो, तेव्हा क्षणभर त्याचा सर्व भार दुसऱ्या पायावर येतो. हाच तो क्षण. कोपऱ्यातील गड्याने जमिनीसरसे झेपावून घोटा धरावयाचा, आणि शेजारच्या गड्यांनी साखळी तुटू न देता अंगावर येऊन त्यास मध्यरेषेपासून तोडावयाचे. झेप पळभर आधी पडली तर चढाईवाला पाय मागे घेतो आणि झेपावणाराच बाद होतो. पळभर उशिरा पडली तर हाती धूळ येते आणि गुणही जातो.

म्हणून या कामात धाडसापेक्षा धीर अधिक लागतो. चढाईवाला फसला तर पुढल्या चढाईत भरून काढीन असे म्हणू शकतो. कोपऱ्यातील गडी फसला की बाहेर बसतो, आणि त्याची उणीव बाकीच्या सहांस भोगावी लागते. गुणांचा हिशेबही पाहावा. चढाईवाल्याने एका सामन्यात दहा गुण मिळविले म्हणजे त्याचा गौरव होतो. बचावाच्या गड्यास पाचांवरच तो मान मिळतो. नियम करणाऱ्यांनीच हे काम दुप्पट अवघड आहे असे कबूल केले, असा याचा अर्थ आम्ही लावतो. तीन अथवा त्याहून कमी गडी उरले असता पकड साधली तर एक गुण अधिक मिळतो, तिला अव्वल पकड म्हणतात. हरत आलेला डाव पुष्कळदा तेथूनच फिरतो.

श्री. इरनाक यांचे नाव झाले ते या घोट्याच्या पकडीमुळे.

२०१४ च्या जुलै महिन्यात आठ संघांची व्यावसायिक कबड्डी लीग सुरू झाली, आणि या मातीतल्या खेळास गादी, दिवे व दूरचित्रवाणी लाभली. गड्यांचा लिलाव होऊ लागला. लिलाव हा शब्द माणसांस लावलेला ऐकून आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांस बैलबाजाराची आठवण होते, आणि तो शब्द आम्हासही आवडत नाही. परंतु त्या शब्दाखातर वस्तुस्थिती नाकारता येत नाही. पहिल्या वर्षी सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमार यांजवर झाली. चार वर्षांनी, २०१८ साली, इराणचे फजल अत्राचली यांजवर एक कोटीची बोली झाली. आणि हे फजल डाव्या कोपऱ्याचेच गडी आहेत. ज्या जागेकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नसे, त्या जागेची किंमत पैसे मोजणाऱ्यांस आधी कळली, हे नमूद करण्याजोगे आहे.

या लीगमध्ये श्री. इरनाक प्रथम पाटण्याकडून, मग बंगालकडून खेळले. २०१७ पासून पुण्याकडे, २०२१ साली गुजरातकडे, २०२२ साली पुन्हा बंगालकडे, आणि २०२३ साली मुंबईकडे. गुजरातच्या वर्षी तर रोगाच्या साथीमुळे सर्व सामने बंगळुरू येथे प्रेक्षकांवाचून झाले. पकड साधावी आणि टाळी वाजू नये, असा तो हंगाम. आता दैवाचा खेळ पाहा. त्यांनी पाटणा सोडल्यावर पाटण्याने लागोपाठ तीन वेळा अजिंक्यपद मिळविले. बंगालने २०१९ साली ते मिळविले, तेव्हा हे पुण्यात होते. पुण्याने २०२४ च्या मार्च महिन्यात मिळविले, तेव्हा हे मुंबईच्या संघात होते. तीन घरांच्या भिंती ज्याने काही काळ सावरून धरिल्या, त्याच्या वाट्यास त्यांपैकी एकाही घराचे वास्तुभोजन आले नाही!

इतके संघ बदलणाऱ्यास निष्ठा नाही, असे कोणी म्हणतात. पेण-रोह्याकडे हा आक्षेप विशेष ऐकू येतो, कारण येथे गावचा संघ म्हणजे गावची अब्रू. शेजारच्या गावाकडून खेळणाऱ्याशी घरचे लोकदेखील काही दिवस नीट बोलत नाहीत. या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. तथापि धंद्याच्या खेळात संघ गड्यास ठेवितो किंवा सोडतो. गड्याच्या हाती त्यातले थोडेच असते. गवंडी आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी भिंत चढवितो. घर दुसऱ्याचे, ओळंबा मात्र स्वतःचा. त्याची भिंत सरळ आहे की नाही एवढेच आपण पाहतो. मग कोपऱ्यातल्या गड्यास वेगळा न्याय का लावावा?

त्यांच्या सर्व कारकिर्दीत २०१८ हे एक वर्ष असे आहे की त्याविषयी थांबून बोलले पाहिजे. जानेवारीत हैदराबाद येथे राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्रास ते अजिंक्यपद ११ वर्षे मिळाले नव्हते. रिशांक देवाडिगा यांच्या नेतृत्वाखाली आपल्या संघाने अंतिम सामन्यात सेनादलास ३४ विरुद्ध २९ असे हरविले, आणि त्या संघाच्या बचावात श्री. इरनाक होते. जूनमध्ये दुबईच्या स्पर्धेत भारताने इराणवर ४४ विरुद्ध २६ असा विजय मिळविला. त्या भारतीय संघातही त्यांची निवड झाली होती. एखाद्या गड्याने यापुढे काय मागावे? ऑगस्टमध्ये ते जकार्ता येथील आशियाई खेळांस गेले. १९९० पासून सात वेळा हे खेळ झाले होते, आणि सातही वेळा पुरुषांच्या कबड्डीचे सुवर्णपदक भारताकडे आले होते. आठवे येणार नाही असे कोणाच्या मनातही नव्हते.

प्रथम दक्षिण कोरियाने एका गुणाने, २४ विरुद्ध २३, असे हरविले. लोकांनी तो अपघात मानिला. त्यानंतर २३ ऑगस्ट रोजी उपांत्य सामन्यात इराणने २७ विरुद्ध १८ असा पराभव केला. इराणच्या संघात तेच फजल अत्राचली होते, आपल्या लीगमध्ये खेळून आपल्या गड्यांची प्रत्येक लकब पाठ केलेले. मोठमोठे चढाईवाले असलेल्या भारताच्या सबंध संघास त्या संपूर्ण सामन्यात अवघे १८ गुण मिळविता आले, यावरून इराणी बचाव कसा असेल याची कल्पना करावी. दुसऱ्याच दिवशी आपल्या महिलांचा संघही अंतिम सामन्यात इराणकडूनच, २४ विरुद्ध २७ असा, हरला. पुरुषांस कांस्यपदक मिळाले. इतर कोणत्याही खेळात कांस्यपदक घेऊन येणाऱ्याची गावात मिरवणूक निघाली असती. कबड्डीच्या गड्यांस मात्र खाली मान घालून यावे लागले. आम्हास त्या वेळी हा अन्याय वाटला, आजही वाटतो. ज्या खेळात एकच देश सदा जिंकतो तो खेळ जगाचा कधी होत नाही.

जकार्ताहून परतल्यावर दोन महिन्यांच्या आत श्री. इरनाक पुण्याचे कर्णधार म्हणून मैदानात उतरले. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी चेन्नई येथे मुंबईविरुद्धचा त्यांचा पहिला सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. त्या हंगामात पुण्याचा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही, आणि पुढील वर्षी कर्णधारपद सुरजीत सिंग यांजकडे गेले. श्री. इरनाक त्याच संघात, दुसऱ्याच्या हुकमाखाली, आपल्या कोपऱ्यात उभे राहिले. कर्णधारपद गेल्यावर त्याच घरात राहून काम करणे किती जड जाते, हे ज्यांनी कोणत्याही मंडळाचे अध्यक्षपद सोडले आहे त्यांस सांगावयास नको. (सभेत अशी दोन-चार मंडळी आम्हास समोरच दिसत आहेत.)

आता आपल्याकडच्या मुलांविषयी. सायंकाळी सरावास आलेल्या वीस मुलांस विचारा, अठरा जण चढाई करीन म्हणतील. उरलेले दोघे लाजाळू असतात, म्हणून त्यांस कोपऱ्यात उभे करितात. वास्तविक उलट असावयास पाहिजे. ज्याची नजर स्थिर, ज्याचे गुडघे मजबूत आणि ज्यास शेजाऱ्याचा हात सोडावयाचा नाही हे पक्के ठाऊक, त्यास निवडून तेथे उभे करावे. झेप घेण्याचा सराव आधी मऊ मातीवर किंवा गादीवर द्यावा. कठीण जमिनीवर कोवळ्या मुलास घोट्याची पकड शिकविणारा शिक्षक त्याच्या खांद्याचे व गुडघ्याचे कायमचे नुकसान करून ठेवितो, आणि मग कोणत्याही संघाची बोली त्याच्यापर्यंत येत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चीनमधील हांगझोऊ येथे भारताने इराणला ३३ विरुद्ध २९ असे हरवून सुवर्णपदक परत आणले. त्या संघात महाराष्ट्राचे दोन गडी होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. दोघेही चढाईचे. जकार्ताच्या संघातही महाराष्ट्राचे दोघे होते, परंतु त्यांतला एक कोपऱ्यातला होता. ती जागा पेण-रोह्याच्या एखाद्या मुलाने घेऊ नये असे काही नाही. समितीस आमची एवढीच विनंती आहे, की या महोत्सवाच्या कबड्डी सामन्यांत उत्कृष्ट चढाईस जेवढ्या रकमेचे बक्षीस ठेविले असेल, तेवढ्याच रकमेचे उत्कृष्ट पकडीसही ठेवावे, आणि ते आधी द्यावे.