स्वभाव बाईचा, कारभार संघटनेचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय आहे 'व्यक्तिमत्त्व आणि नेतृत्व'. विषय ऐकून काहीजणींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. हे तर कंपन्यांच्या मॅनेजरांचं शिक्षण, आपल्याला त्याचं काय? पण आपापल्या संघटनेकडे जरा नीट बघा. गावात, वस्तीत आपल्या संस्थेला लोक कोणत्या नावाने ओळखतात? बहुतेक ठिकाणी नोंदणीचं नाव कुणालाच माहीत नसतं. 'ताईंची संस्था', 'बाईंची संघटना' एवढंच माहीत असतं. ताई तडफदार, तर संघटना तडफदार. ताई हिशोबाला चोख, तर संघटना चोख. आणि ताई थकल्या, की संघटनाही थकते. म्हणजे एका बाईचा स्वभाव हाच संघटनेचा स्वभाव होऊन बसतो. हे चांगलं की वाईट, आणि याचं काय करायचं, एवढ्याचाच विचार आज करायचा आहे.

मी पंचवीस वर्षं एका कचेरीत नोकरी केली आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी संघटनेचं काम केलं. त्यामुळे साहेब आणि ताई हे दोन्ही प्रकार जवळून पाहिले. दोघांत वाटतो तेवढा फरक नसतो, हे आधीच सांगून टाकते.

पहिला प्रश्न असा की स्वभावाचा नेतृत्वावर परिणाम होतो का? होतो. मानसशास्त्राचे अभ्यासक माणसाच्या स्वभावाचे साधारण पाच पैलू मानतात: नव्याची ओढ, कामातली शिस्त, बोलकेपणा किंवा बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची चलबिचल. या पैलूंचा नेतृत्वाशी काय संबंध आहे, याविषयीची अनेक संशोधनं एकत्र करून २००२ साली काही अमेरिकन अभ्यासकांनी त्यांचा ताळा मांडला. नेतृत्वाशी सगळ्यांत ठळक संबंध बोलकेपणाचा निघाला. पण त्यातली खरी गोम पुढेच आहे. बोलकेपणाचा संबंध 'ही नेता आहे' असं इतरांना वाटण्याशी जास्त आणि नेता म्हणून काम परिणामकारक होण्याशी त्यामानाने कमी होता. म्हणजे बैठकीत पहिली बोलते, मोठ्याने बोलते, तिच्याकडे पुढारीपण चालत येतं. ती ते चांगलं निभावेल की नाही, हा वेगळा प्रश्न असतो आणि तो आपण सहसा विचारत नाही.

दुसरी गोष्ट. स्वभाव आणि काम करण्याची पद्धत या एकच गोष्टी आहेत का? 'माझा स्वभावच तसा आहे, मी स्पष्ट बोलते' हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! त्यापुढे सगळा वाद संपतो. स्वभावाला औषध नाही, असं म्हणून आपणही गप्प बसतो. इथे एक जुना प्रयोग सांगते. १९३०च्या दशकाच्या शेवटी कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आयोवा इथे दहा वर्षांच्या मुलांचे छंदवर्ग चालवले. तिथल्या मोठ्या माणसांना तीन पद्धतींनी वागायला सांगितलं. एक हुकूमशाही पद्धत, सगळं मीच ठरवणार. दुसरी लोकशाही पद्धत, चर्चा करून ठरवू. तिसरी म्हणजे 'तुमचं तुम्ही बघा'. हुकमी गटात काम झालं, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की हात थांबले. शिवाय मुलं एकतर आपसांत भांडली किंवा मरगळून गेली. लोकशाही गटात माणूस नसतानाही काम चालू राहिलं. 'तुमचं तुम्ही बघा' म्हटलेल्या गटात कामही कमी झालं आणि समाधानही.

मला या प्रयोगातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: तीच माणसं आळीपाळीने वेगवेगळ्या पद्धतींनी वागली. त्यांचे स्वभाव बदलले नव्हते, पद्धत बदलली होती, आणि पद्धत बदलताच गटही बदलला. म्हणजे स्वभाव आपल्याला एका पद्धतीकडे ओढतो हे खरं, पण त्याने आपल्याला जखडून ठेवलेलं नाही. तापट बाईलाही सगळ्यांचं ऐकून घेऊन निर्णय करण्याची शिस्त लावून घेता येते. 'स्वभावच तसा' ही सबब म्हणून आता पुरे झाली.

आता आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा. स्वभाव एकच असला तरी तो पुरुषाचा आहे की बाईचा, यावर त्याचं नाव बदलतं. पुरुष ठाम असला तर 'करारी', बाई ठाम असली तर 'उर्मट'. तो कमी बोलतो तर 'धीरगंभीर', ती कमी बोलते तर 'शिष्ट', नाहीतर 'बावळट'. तो रागावला तर 'शिस्तीचा भोक्ता', ती रागावली तर 'घरचं काहीतरी बिनसलं असेल'. १९७३ साली व्हर्जिनिया शाईन या अभ्यासिकेने दाखवून दिलं, की चांगल्या मॅनेजरचे म्हणून लोक जे गुण सांगतात ते पुरुषाचे म्हणून सांगितलेल्या गुणांशीच जास्त जुळतात. ॲलिस ईगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा हुकमी पद्धतीने वागणाऱ्या स्त्री-नेत्यांना तसंच वागणाऱ्या पुरुषांपेक्षा लोक कमी लेखतात असं दिसलं. म्हणजे बाईने मऊ वागावं तर ती नेता वाटत नाही, आणि कडक वागावं तर ती बाई वाटत नाही. ही कोंडी स्वभावाची नाही, पुरुषसत्तेची आहे.

पण याच्या उलट बाजूचा एक गोड गैरसमज आपल्याकडेही आहे. बाई म्हणजे मुळातच प्रेमळ, समजूतदार. म्हणून बायकांच्या संघटनेत सत्तेचा प्रश्नच येत नाही! ईगली यांच्याच १९९०च्या अभ्यासात बायका निर्णय घेताना इतरांना सामील करून घेण्याकडे थोड्या जास्त झुकतात असं आढळलं होतं. पण प्रत्यक्ष कचेऱ्या-संस्थांमध्ये अधिकारावर असलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना केली, तेव्हा 'बायका नाती जपतात आणि पुरुष काम बघतात' हा फरक काही सापडला नाही. तेव्हा आईपणाची साय घालून सत्ता झाकू नका. 'मी तुमची आईच आहे' असं म्हणणारी नेता पगारवाढ मागणाऱ्या कार्यकर्तीला मुलगी समजून गप्प करते, हेही आपण पाहिलेलं आहे.

आणखी एक. आपण ज्याला स्वभाव म्हणतो, तो दरवेळी स्वभाव असतो का? वस्तीतून आलेली दलित कार्यकर्ती, पाड्यावरून आलेली आदिवासी मुलगी, अर्धा बुरखा मागे सारून दाराशी बसलेली मुस्लिम बाई बैठकीत बोलत नाही, तेव्हा आपण पटकन म्हणतो, 'ती जरा लाजाळू आहे.' पण तीच पाण्याच्या नळावर, रेशनच्या रांगेत, मजुरीच्या वादात कशी बोलते ते ऐका! तिला गप्प करते ती आपल्या बैठकीची भाषा, इंग्रजी शब्द, पुण्या-मुंबईचे उच्चार, आणि 'बरोबर बोललं पाहिजे' ही धास्ती. जातीने, वर्गाने, शिक्षणाने दिलेल्या आत्मविश्वासाला आपण 'नेतृत्वगुण' म्हणतो आणि त्याच गोष्टींनी हिरावून घेतलेल्या आवाजाला 'स्वभाव' म्हणतो. हे बदललं पाहिजे.

याचा मोठा धडा पंचायतींनी दिला आहे. १९९२ सालच्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. तेव्हा सगळे हसले, बायकांना काय कळतं म्हणाले. नवरे खुर्चीत बसले, हेही खोटं नाही. पण जिथे बाईला माहिती मिळाली, सहीचा अर्थ कळला, पाठीशी चार बायका उभ्या राहिल्या, तिथे कालची 'लाजाळू' बाई ग्रामसेवकाला हिशोब विचारू लागली. आधी नेतृत्वगुण आणि मग खुर्ची, असाच क्रम असतो असं नाही. पुष्कळदा खुर्ची आधी येते.

आपल्या डोळ्यांसमोर नमुने तरी कुठले आहेत? १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यात समाजवादी मृणाल गोरे होत्या आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकरही होत्या. पक्ष वेगळे, घडण वेगळी, पण तेल, रॉकेल, धान्य हा कार्यक्रम एक. एकीच्या करिष्म्यावर नाही, तर ठरलेल्या मागण्यांवर ती एकजूट उभी राहिली. त्याच वर्षी अहमदाबादला इला भट्ट यांनी 'सेवा' स्थापन केली. इलाबेनचा आवाज कधी चढल्याचं कुणाला फारसं आठवत नाही. सभा गाजवणाऱ्या वक्त्यांत त्यांची गणना झाली नाही. पण मालकच नाही तर युनियन कसली, असं विचारणाऱ्या सरकारी खात्याला त्यांनी नमवलं. १९७४ साली भाजीवाल्या, गोधडीवाल्या बायकांनी दहा दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची बँक काढली. संघटनेच्या कार्यकारिणीत कामगार बायका निवडून येऊ लागल्या. आणि १९९६ साली इलाबेन सरचिटणीसपदावरून बाजूला झाल्या. २०२२ साली त्या गेल्या, तोवर मधली सव्वीस वर्षं 'सेवा' दुसऱ्यांच्या हातांनी चालत होती. शांत स्वभावाची बाई नेता होऊ शकते हा त्यातला अर्धा धडा. उरलेला अर्धा असा, की तिने आपल्या स्वभावावर संघटना टांगून ठेवली नाही.

मग काहीजणी म्हणतील, नेताच नको. आपल्या चळवळीत ही भूमिका पूर्वीपासून आहे आणि तिच्यामागची तळमळ मला मान्य आहे. पण जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० सालीच एका भाषणात याबद्दल सावध केलं होतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रचना नाही असा गट नसतोच. पद नाकारलं, तरी सत्ता नाहीशी होत नाही, ती अदृश्य होते. मग मैत्रिणी-मैत्रिणींचं एक कोंडाळं चहा पिताना निर्णय घेतं आणि बैठकीत फक्त शिक्का बसतो. ज्या कोंडाळ्यात नाहीत त्यांना जाब विचारायलाही जागा राहत नाही, कारण 'इथे कुणीच नेता नाही'! पदावरच्या ताईला निदान पदावरून काढता तरी येतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की स्वभाव बदलण्याच्या मागे लागू नका. कंपन्या हजारो रुपये खर्चून व्यक्तिमत्त्व-चाचण्या घेतात. त्यातली सगळ्यांत गाजलेली चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी घडवली, त्याचं कौतुक आहे. पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतली तर अनेकांचा 'प्रकार' बदलतो. तेव्हा बाईवर चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा कारभाराचे नियम असे करा, की तापट बाईचा ताप आणि भिडस्त बाईची भीड, दोन्ही संघटनेला बाधू नयेत.

काही साध्या गोष्टी सुचवते. बैठकीत आधी प्रत्येकीने दोन मिनिटं बोलायचं, ताईंनी सर्वांत शेवटी. अध्यक्षपद आणि इतिवृत्त लिहिणं आळीपाळीने. पण दर महिन्याला नव्हे, काम शिकायला वेळ मिळेल एवढ्या मुदतीने. चेकवर दोन सह्या, आणि त्यातली एक दर दोन वर्षांनी बदलायची. वर्तमानपत्रांशी बोलायला, कलेक्टरला भेटायला जाताना एक जुनी आणि एक नवी अशा दोघी जायच्या. मतभेद झाला तर तो इतिवृत्तात नोंदवायचा, म्हणजे विरोध करणं म्हणजे रुसणं नव्हे हे अंगवळणी पडेल. आणि पदाची मुदत लिहून ठेवायची, संस्थापक ताईंचीसुद्धा.

यावर ज्येष्ठ कार्यकर्त्यांना वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. लाठ्या खाल्ल्या, घरदार पणाला लावलं, संस्था उभी केली, आणि आता आम्हाला मुदत? मीही त्याच वयाची आहे, म्हणून मोकळेपणाने बोलते. ज्या पोरीला आपण आज 'अजून तयार नाही' म्हणतो, तिच्या वयाच्या होतो तेव्हा आपणही तयार नव्हतो. आपल्याला कुणी तयार केलं नाही, कामाने तयार केलं. तेच काम त्यांच्या हाती देणं, एवढंच आता आपल्याला करायचं आहे.

मी इथे थांबते. आता गटांत बसा आणि तीन प्रश्नांवर बोला. आपल्या संघटनेत गेल्या वर्षभरात सर्वांत मोठा निर्णय कुणी आणि कुठे घेतला? बैठकीत कोण बोलत नाही, आणि ती कुठे बोलते? आणि उद्यापासून सहा महिने ताई आल्या नाहीत, तर कोणतं काम अडेल? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. जेवढी कामं अडतील, तेवढ्यांची वाटणी इथून उठण्यापूर्वी करून टाका.