गाळ सांगतो हजारो वर्षांचे हवामान
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



तलाव आटला की त्यातील गाळ आपण शेतात पसरतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत हे काम नेहमीचे आहे. हा गाळ थराथरांनी साचतो व सर्वांत खालचा थर सर्वांत जुना असतो. अशाच थरांवरून भूशास्त्रज्ञ तापमापक नव्हता त्या काळचे हवामान काढतात. ते कसे, हे आज पाहू.

तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळात पोकळ नळी उभी घालून गाळाचा सलग उभा नमुना काढतात. त्यातील वनस्पतींच्या अवशेषांतला किरणोत्सर्गी कार्बन मोजून थरांचे वय ठरवितात. मग सेंद्रिय रेणू तपासतात.

समुद्रातील काही सूक्ष्म शेवाळे अल्केनोन नावाचे स्निग्ध पदार्थ तयार करतात. पाणी थंड असेल तर तीन दुहेरी बंधांचे रेणू वाढतात, उबदार असेल तर दोन बंधांचे. शेवाळ मरते, पण हे रेणू चिखलात लाखो वर्षे टिकतात. दोहोंच्या प्रमाणावरून पाण्याचे तापमान कळते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, अरबी समुद्राचे वरचे पाणी आजच्यापेक्षा सुमारे २ ते ३ अंश सेल्सिअसने थंड होते, ते असेच कळले.

तापमानाबरोबर पाऊसही कळावा लागतो. त्यासाठी पानांवरील मेण उपयोगी पडते. उसाच्या कांडीवर बोट फिरविल्यास पांढरी भुकटी लागते, ते मेणच होय. ऊस, ज्वारी व उष्ण प्रदेशातील गवते यांच्या मेणात जड कार्बनचे प्रमाण झाडाझुडपांच्या मेणापेक्षा जास्त असते. त्यावरून मुलखात झाडी होती की कोरड्या हवेत तगणारे गवत, हे ओळखता येते.

गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा असा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या काळात गोदावरी खोऱ्यात कोरड्या हवेतील वनस्पती वाढत गेल्याचे त्यात दिसले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळातही दोन दीर्घ कोरडे काळ आढळले: ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

म्हणजे १९७२ चा दुष्काळ आपल्याला मोठा वाटला, तरी पावसाचे कमजोर काळ शतकानुशतके टिकलेले आहेत. आज ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांचे पाणी दुष्काळी शिवारात पोहोचले आहे. परंतु ते कृष्णेचेच, म्हणजे सह्याद्रीवरील पावसाचेच पाणी आहे. कालवा आला म्हणून दुष्काळ संपला, असे समजू नये.

म्हणून पाणी आले तरी सगळे रान उसाखाली घालू नका. ठिबक वापरा, बांधबंदिस्ती राखा, काही क्षेत्र रब्बी ज्वारीला ठेवा. आपल्या शिवारातील पावसाची रोजची नोंद वहीत करा. गाळाने हजारो वर्षांची नोंद ठेवली, आपण निदान आपल्या हयातीची ठेवू या.